द्वेष राहतो कुठे?

जातीवरून किंवा धर्मावरून एखादी भयंकर घटना घडली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली अशी की लोक अडाणी आहेत, शिक्षण पसरले की हे आपोआप थांबेल. दुसरी अशी की कायदा कडक करा, चार जणांना फासावर चढवा, मग कोणाची हिंमत होते ते पाहू. असे बोलणारी माणसे एकमेकांना विरोधक समजतात. एक स्वतःला उदारमतवादी म्हणवतो, दुसरा व्यवहारी. पण दोघांनी धरलेले गृहीत एकच आहे आणि ते उथळ आहे. दोघेही द्वेष ही माणसाच्या मनात उगवणारी भावना मानतात. एकाला ती शिकवून घालवायची आहे, दुसऱ्याला धाकाने दाबायची आहे.

माझे म्हणणे वेगळे आहे. एखाद्या समूहाविषयीचा द्वेष आधी व्यवहारात उभा राहतो. पाणवठ्यावर कोणी यायचे, शेताची वाट कोणाच्या हद्दीतून जाते, सोयरीक कोणाशी होते, सरकारी वहीत कोणाच्या नावापुढे काय लिहिले जाते, इथे तो राहतो. मनातली घृणा या व्यवहाराचे समर्थन करण्यासाठी मागाहून तयार होते आणि मग व्यवहार टिकवण्याच्या कामी येते. हे मान्य केले तर कायद्याचे कामही बदलते. त्याने भावनेच्या, मताच्या किंवा दुखावल्या गेल्याच्या मागे लागू नये. नकार, बहिष्कार, विटंबना, हल्ला आणि या गोष्टींची चिथावणी यांना मात्र त्याने कसून हात घालावा. याचा परिणाम असा की आजचे काही कायदे सैल करावे लागतील आणि काही आजच्यापेक्षा घट्ट आवळावे लागतील. दोन्ही बाजूंना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

१. अज्ञानाचा सिद्धांत

शिक्षणाने द्वेष जातो, या समजुतीला आधार फार थोडा आहे. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथे युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची प्रशासकीय आखणी करायला पंधरा माणसे जमली होती. त्यांतल्या आठ जणांकडे डॉक्टरेट होती. ते अडाणी नव्हते. फायली, रेल्वे आणि कायदा यांचे त्यांना उत्तम ज्ञान होते.

आपल्याकडचे चित्र इतके टोकाचे नाही, पण दिशा तीच आहे. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. अर्ज चाळणारी माणसे शिकलेली होती, कंपन्या आधुनिक होत्या. त्यांतल्या कोणाला विचारले असते तर ‘आम्ही जात मानत नाही’ असेच उत्तर आले असते आणि ते बहुधा प्रामाणिकही असते. मनात घृणा नसताना हात नेमके तेच करत होते जे घृणा असती तर केले असते. भावनेचा सिद्धांत इथे कोलमडतो, कारण भावना नाही आणि भेदभाव मात्र आहे.

२०११-१२ च्या भारतीय मानवी विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या प्रकारे अस्पृश्यता पाळतो, असे स्वतःहून कबूल केले. परक्या माणसाने दारात येऊन विचारल्यावर दिलेली ही कबुली आहे. अडाणी माणूस चुकीच्या समजुतीत असतो आणि खरे कळले की ओशाळतो. इथे ओशाळणे नाही, कारण कळायचे काही राहिलेलेच नाही. आपण काय पाळतो आणि का पाळतो, हे त्या घरांना नीट ठाऊक आहे.

२. चवदार तळ्याचा दावा

द्वेषाचे मूळ शोधायचे तर मला महाडइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही. आपण महाडची आठवण काढतो ती २० मार्च १९२७ च्या ओंजळभर पाण्याची. त्याच्या आधी आणि नंतर जे घडले त्याकडे आपले लक्ष कमी जाते, आणि माझा मुद्दा तिथेच आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केले. पुढची तीन वर्षे तिथे काहीही घडले नाही. ठराव होता, तळे होते, तहान होती, पण कोणी पाण्याला हात लावला नाही. आणि गावातही द्वेषाचा उद्रेक झाला नाही, कारण व्यवहार बदलला नव्हता. कागद बदलला होता, आणि नुसत्या कागदावर कोणी चिडत नाही.

मग २० मार्च १९२७ रोजी महाडला अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि काही तासांत गाव पेटले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. पुढे तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण रहिवासी दिवाणी न्यायालयात गेले. त्या दाव्यात त्यांनी काय म्हटले ते पाहण्यासारखे आहे. आम्हाला या लोकांची घृणा वाटते, असे ते म्हणाले नाहीत. हे तळे सार्वजनिक नाही, स्पृश्यांच्या मालकीचे आहे आणि यांना वगळण्याची इथे पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच तळ्यावर इतर धर्मीयांना मज्जाव नव्हता, जनावरे पाणी पीत होती. विटाळाची भावना खरी असती तर ती इतकी निवडक नसती. न्यायालयात उभे राहण्याची वेळ आली तेव्हा द्वेषाने भावनेची भाषा टाकून दिली आणि मालकी हक्काची भाषा उचलली. ती त्याची मूळची भाषा होती, असे मी म्हणतो.

खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तोही याच भाषेत. पूर्वापार वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. माणुसकी, बंधुता यांवर त्या निकालाचा डोलारा उभा नाही. मला यात काही उणे वाटत नाही. हक्काचा खोटा दावा हक्काच्याच कसोटीवर मोडला, आणि तो तसाच मोडायला हवा होता.

३. फरक राखण्याची ओढ

इथे कोणी म्हणेल की सगळे हितसंबंधांवर ढकलणेही उथळच आहे, कारण माणसे स्वतःचे नुकसान करूनही द्वेष करतात. आक्षेप रास्त आहे. दलितांना गावातून हाकलून स्वतःच्या शेतावरचे मजूर गमावणारी गावे आहेत. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने कृष्णवर्णीयांबरोबर पोहावे लागेल म्हणून १९६० च्या दशकात सार्वजनिक जलतरण तलावच बंद करून टाकले. गोऱ्यांची मुलेही पोहण्याला मुकली. यात कोणाचा काय फायदा?

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग याचे उत्तर देतात. ताजफेल जन्माने पोलंडमधला ज्यू होता. महायुद्धात तो युद्धकैदी झाला आणि परतला तेव्हा जवळचे आप्त मारले गेले होते. त्याने मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गट पाडले आणि त्यांना अनामिकपणे पैसे वाटायला सांगितले. गटांत पूर्वीचे वैर नव्हते, ओळखदेखील नव्हती. तरी मुले आपल्या गटाला झुकते माप देत, आणि पुष्कळदा अशी वाटणी निवडत की ज्यात आपल्या गटाला एकूण कमी मिळे पण समोरच्यापेक्षा जास्त मिळे. मिळकतीपेक्षा अंतर मोलाचे ठरत होते.

डॉ. आंबेडकरांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याच्या कितीतरी आधी, आणि त्यांचे विश्लेषण प्रयोगशाळेपेक्षा खोल जाते. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली पाहायला कोणीतरी मिळते, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे खालचे एकत्र येत नाहीत. अंतर हीच संपत्ती असते. ती मोजता येत नाही, पण तिचे भाडे रोज मिळते : कोण आधी उठून उभा राहतो, कोण कोणाला एकेरी हाक मारतो, वरातीत घोड्यावर कोण बसतो. ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याला हीच मिळकत सर्वांत जपावीशी वाटते. गरीब सवर्णाचा द्वेष श्रीमंत सवर्णापेक्षा पुष्कळदा उघड दिसतो तो यामुळे. श्रीमंताला तो दाखवायची गरज पडत नाही.

तेव्हा हितसंबंध म्हणजे केवळ पैसा नव्हे. पण म्हणून ती गूढ, मनाच्या तळाशी दडलेली गोष्टही ठरत नाही. अंतर राखण्याची ओढ कदाचित सर्व माणसांत असेल. ते अंतर कोणाशी राखायचे, कोणत्या खुणेवरून राखायचे आणि राखल्याबद्दल काय मिळणार, हे समाज ठरवतो. पुष्कळदा सरकार ठरवते.

४. सरकारी वहीतला पूर्वग्रह

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींत जन्मलेला माणूस गुन्हेगारच, असे गृहीत धरून त्यांची नोंदणी, हजेरी आणि पुढे तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत बंदिवास, असे सगळे त्याखाली चालले. सोलापूरची सेटलमेंट आपल्या परिचयाची आहे. भटक्यांविषयी गावगाड्यात संशय आधीपासून होता, हे खरे. पण संशय आणि शिक्का यांत अंतर असते. संशय चुकू शकतो, सरकारी शिक्का चुकत नाही असे लोक मानतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. मागोमाग ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलीस ठाण्याच्या नजरेत फारसा फरक पडला नाही. चोरी झाली की पारधी वस्तीवर गाडी जायची ती जातच राहिली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. त्या वेळी सगळी चर्चा मोबाइल आणि अफवा यांवर झाली. अफवा इतर कोणाला का चिकटली नाही, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. बाजारच्या दिवशी त्या गावात परकी माणसे आणखीही असतील. पण पोशाखावरून, भाषेवरून, पालावरच्या जगण्यावरून ‘हेच ते’ असे वाटायला लावणारी नजर मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती घडवण्यात सरकारच्या नोंदवहीचा हात मोठा आहे.

हे इतिहासजमा झाले असे वाटत असेल तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कोणत्या जातीच्या कैद्याने झाडू मारायचा, कोणी स्वयंपाक करायचा, विमुक्त जमातीतल्या माणसाला सराईत कसे समजायचे, हे तोपर्यंत छापील नियमांत होते. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असे न्यायालयाला सांगावे लागले. घटना लागू होऊन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. द्वेषाला शिक्षा करू पाहणाऱ्या राज्याने पहिली झडती स्वतःच्या कपाटांची घ्यावी.

५. मग शिक्षा कशाला करायची?

कायद्याने द्वेषाला शिक्षा करावी का, हा प्रश्न आपण ज्या रीतीने विचारतो त्यातच अडचण आहे. भावनेला शिक्षा करायची म्हटले की ती सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध करायची म्हटले की आरोपीच्या तोंडचे शब्द शोधावे लागतात. जातीवाचक शिवी ऐकली का? कोणी ऐकली? कुठे ऐकली? शिवी सापडली नाही की द्वेष नव्हता, असा निष्कर्ष निघतो.

याची सर्वांत दुःखद परिणती खैरलांजीत दिसली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने मारले. त्या कुटुंबाकडे जमीन होती, मुले शिकत होती, शेतातून जाणाऱ्या वाटेचा वाद होता. खालच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, काहींना फाशीची शिक्षा सुनावली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. पण अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठीचा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. हे सूडाचे कृत्य आहे, जातीच्या कारणाने झालेले नाही, असे मानले गेले. सूड आणि जात हे दोन वेगळे पर्याय आहेत, असे गृहीत धरल्याशिवाय हा निष्कर्ष काढता येत नाही. गावातल्या दुसऱ्या एखाद्या सवर्ण कुटुंबाशी वाटेचा वाद झाला असता तर तलाठी आला असता, फार तर डोकी फुटली असती. चौघांना भर वस्तीत मारता येते आणि गाव गप्प बसते, याला जे लागते ते जातच पुरवते. ती कोणाच्या तोंडून ऐकू आली नाही, कारण ती उच्चारण्याची कोणाला गरज नव्हती.

संसदेने २०१५ मध्ये या कायद्यात केलेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिची चर्चा व्हावी तितकी झाली नाही. गंभीर गुन्ह्यांबाबत पूर्वी सिद्ध करावे लागे की पीडित अमुक जातीचा आहे या कारणाने गुन्हा घडला. आता पीडित त्या जातीचा आहे हे ठाऊक असताना गुन्हा केला, एवढे पुरते. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर हे त्याला ठाऊक होते, असे न्यायालय गृहीत धरते. म्हणजे कायद्याने आरोपीच्या अंतःकरणात डोकावणे थांबवले आणि गावाच्या रचनेकडे पाहायला सुरुवात केली. माझ्या मते हे भारतीय कायद्याने द्वेषाविषयी उचललेले सर्वांत शहाणपणाचे पाऊल आहे.

त्याच कायद्याचे तिसरे कलम कोणीही शांतपणे वाचून पाहावे. अखाद्य पदार्थ खायला लावणे, विवस्त्र धिंड काढणे, जमिनीवरून हुसकावणे, पाणी दूषित करणे, आणि २०१५ नंतर त्यात भर पडलेले मिशी भादरणे, चपलांचा हार घालणे, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे. ही यादी कोणी कल्पनेतून केलेली नाही. यातल्या एकाही कृत्यासाठी आरोपीच्या मनात काय होते हे विचारावे लागत नाही. घटनेचे सतरावे कलमही असेच आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने ते स्वीकारले तेव्हा अस्पृश्यतेवर विश्वास ठेवायला बंदी घातली नाही, ती पाळण्याला घातली.

६. भावना दुखावण्याचे कायदे

आता दुसरी बाजू. आपल्याकडे द्वेषाविरुद्ध म्हणून ओळखली जाणारी सर्वांत जुनी कलमे शब्दांविरुद्ध आहेत. दंड संहितेतले १५३-अ हे कलम १८९८ सालचे, २९५-अ हे १९२७ सालचे. आज ती भारतीय न्याय संहितेत नव्या क्रमांकांनी नांदत आहेत. दोन्ही परक्या सरकारने केली. प्रजेतले समूह सतत भांडणार आणि आपण वरून शांतता राखणार, ही त्यामागची भूमिका होती. कोणाची बाजू न्याय्य आहे, हे पाहणे त्या सरकारच्या हिताचे नव्हते. कोण किती खवळला, एवढेच पाहायचे होते.

२९५-अ चे साल पुन्हा पाहा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. लाखोंना पवित्र वाटणारा ग्रंथ जाहीरपणे, ठरवून, निषेध म्हणून जाळला गेला. दुखावलेली भावना हीच द्वेषाची कसोटी मानली तर त्या दिवशीचा गुन्हेगार कोण ठरतो? १८७३ चे ‘गुलामगिरी’ लिहिणारे जोतीराव कोण ठरतात? विटाळ मानणारा माणूस गप्प राहून विटाळ पाळतो, त्याच्या शब्दांत आक्षेपार्ह काही नसते. विटाळाविरुद्ध बोलणारा मोठ्याने बोलतो आणि कोणाच्या तरी श्रद्धेला धक्का देतो. भावनेच्या मोजपट्टीने मोजले तर दुसराच दोषी निघतो. ही चूक राबवणाऱ्यांची नाही, मोजपट्टीच चुकीची आहे.

आणि अनुभव तसाच आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात एका पुस्तकाच्या वादातून भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला, दुर्मीळ सामग्रीची नासधूस केली. त्याच वादात १५३-अ लावले गेले ते पुस्तकाच्या लेखकावर आणि प्रकाशनाशी संबंधित लोकांवर. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो खटला रद्द केला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका नेत्याच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या एका तरुणीला आणि ते पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. दोन्ही प्रसंगी संख्येने आणि ताकदीने मोठा पक्ष ‘दुखावला’ होता. असे व्हायचेच. भावना मोजण्याचे दुसरे यंत्र पोलिसांकडे नाही, रस्त्यावर किती लोक उतरले यावरूनच ते मोजतात. मग ज्याला जमाव जमवता येतो त्याच्या भावना सर्वांत नाजूक ठरतात.

७. शब्द कधी गुन्हा ठरतो

म्हणजे शब्दांना कधीच शिक्षा नको, असे मी म्हणत नाही. १९९४ मध्ये रवांडातल्या एका रेडिओ केंद्राने तुत्सींना झुरळे म्हटले, इतकेच नाही तर माणसांची नावे आणि ठिकाणे प्रसारित केली. मारेकऱ्यांना ती उपयोगी पडली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्या केंद्राच्या जबाबदार लोकांना दोषी ठरवले ते योग्यच होते. तिथे शब्द कृत्याचा भाग झाला होता.

शब्दाने कोणाच्या मनाला लागले, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. जन्माने ठरणाऱ्या एखाद्या समूहाचे जगणे रोखायला, म्हणजे त्याला मारायला, हुसकावायला, त्याच्याशी देवघेव बंद करायला तो शब्द सांगतो का? आणि सांगणाऱ्याच्या हातात ते घडवून आणण्याची ताकद आहे का? व्यासपीठ, संघटना, पद, पाठीशी उभे असलेले पोलीस, यांपैकी काही? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर तो गुन्हा समजावा. ग्रंथावर, देवावर, राजावर, पुढाऱ्यावर, इतिहासावर कितीही कडवट बोलले तरी तो गुन्हा नसावा.

ही कसोटी लावली की आजची एक उणीव लख्ख दिसते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातपंचायतींविरुद्ध लावून धरलेल्या लढ्याचे ते फळ आहे. पण तो कायदा मुख्यतः समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याविषयी आहे. अनुसूचित जाती-जमातींवरच्या बहिष्काराला अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. एका धर्माच्या लोकांकडून भाजी घेऊ नका, त्यांना दुकान भाड्याने देऊ नका, असे सभेत माईकवरून सांगणाऱ्यासाठी मात्र असे नेमके कलम नाही. त्याला पूर्वीच्या १५३-अ च्या सैल चौकटीत ओढूनताणून बसवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवायला सांगितले. हेतू चांगला होता, पण भाषणातले नेमके काय गुन्हा आहे, हे ठरल्याशिवाय पोलिसांना दिलेला असा अधिकार कोणाविरुद्ध वापरला जाईल ते पालघरने आधीच दाखवून दिले आहे.

८. तीन आक्षेप

मन बदलत नाही. कायद्याने मने बदलत नाहीत, असे सांगणाऱ्यांना मी विचारतो, ती बदलायलाच हवीत असे कोणी म्हटले? पण अनुभव सांगतो की व्यवहार बदलला की मनही मागून येते. आज एसटीत शेजारी कोण बसला आहे, याची चौकशी कोणी करत नाही. नळाचे पाणी कोणी भरले, हे विचारणे पुष्कळ ठिकाणी थांबले. जिथे तोटी सार्वजनिक झाली तिथे विटाळ ओसरला. जिथे किल्ली खासगी हातात राहिली, म्हणजे भाड्याची खोली, सोयरीक, स्मशान, शेताची वाट, तिथे तो तसाच आहे. शिक्षणाचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच वाढले होते.

ही विचाराला शिक्षा आहे. जातीमुळे केलेल्या मारहाणीला साध्या मारहाणीपेक्षा जास्त शिक्षा का, असे विचारले जाते. उत्तर असे की दुखापत वेगळी आहे. घोड्यावर बसलेल्या एका नवरदेवाला खाली ओढले की वस्तीतली पुढची दहा लग्ने पायी निघतात. मार एकाला बसतो, मर्यादा सगळ्यांना घातली जाते. जास्तीची शिक्षा त्या जास्तीच्या नुकसानीसाठी आहे.

गैरवापर होतो. हा आक्षेप महाराष्ट्रात सर्वांत जोरात ऐकू येतो. २० मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने तो मानला आणि अटकेवर, गुन्हा नोंदवण्यावर बंधने घातली. देशभर असंतोष उसळला, संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयानेच आपले ते निर्देश मागे घेतले. खोटी फिर्याद देणारे असतात, ते प्रत्येक कायद्याखाली असतात. त्यांना शिक्षा करणाऱ्या तरतुदी आहेत. पण सुटलेला प्रत्येक आरोपी म्हणजे खोटा खटला, हे गणित मला अप्रामाणिक वाटते. एप्रिल २०१४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. मुलगा मात्र मेलेलाच होता.

९. साक्षीदार कुठे राहतो

म्हणून शिक्षेची तीव्रता वाढवण्याच्या मागणीत मला रस नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे पुरेशी कठोर आहेत. २०२२ या एका वर्षात देशात अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे ५७ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. त्यांचे पुढे काय होते हे कलमांवर ठरत नाही. साक्षीदार आरोपीच्या विहिरीवरून पाणी आणतो का, त्याच्या रानात मजुरीला जातो का, किराणा त्याच्या भावाच्या दुकानातून उधार घेतो का, यावर ठरते. गुन्हा ज्या व्यवहारातून जन्मला तोच व्यवहार साक्ष संपेपर्यंत चालू असतो. खटला तालुक्याच्या गावी चालतो, साक्षीदार संध्याकाळी घरी परततो.

याची तजवीज कागदावर आहे. पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे प्रकरण २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा करणारे चौथे कलम तर सुरुवातीपासून आहे. १९९५ च्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बसायचे आहे. त्या बैठकीपुढे गुन्ह्यांचे आकडे ठेवले जातात. त्यांच्या जोडीला आणखी एक तक्ता मागितला पाहिजे : मागच्या सहा महिन्यांत जो जो साक्षीदार फितूर झाला, तो साक्षीच्या दिवशी कोणाच्या शेतावर कामाला होता, पाणी कुठून भरत होता, त्याच्यावर कोणाचे किती कर्ज होते, आणि तपास अधिकाऱ्याने यातले काय, कधी नोंदवले.